जुन्या रोड सायकलच्या हबवर कॅसेट पुन्हा पुन्हा सैल का होते?

माझ्याकडे १९८०च्या दशकाच्या शेवटी बनलेली, शिमानो ६०० मालिकेचे हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, असलेली एक पोलादी रोड सायकल आहे. नोकरीनिमित्त ओसाकात असताना ती मी जुन्या सायकलींच्या एका दुकानातून घेतली आणि परतताना सुटी करून, खोक्यात भरून पुण्याला आणली. या सायकलच्या मागच्या चाकावरची सात दातेरी चकत्यांची कॅसेट एका वर्षात तीन वेळा सैल झाली. पहिल्या वेळी मी चकत्या दाबून धरणारे लॉकरिंग अधिक जोर लावून आवळले, दुसऱ्या वेळी लॉकरिंगच बदलले, आणि तिसऱ्या वेळी कात्रजचा घाट चढताना मागून येणारी टक्‌टक्‌ ऐकत घरी परतल्यावर, जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले, म्हणजे व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसलो. दोष अर्ध्या मिलिमीटरचा निघाला. तो कुठे होता आणि आधी का सापडला नाही, ते समजण्यासाठी या हबांची रचना थोडी पाहावी लागते.

प्रथम हे ठरवावे की आपल्या चाकावर कॅसेट आहे की फ्रीव्हील. फ्रीव्हीलमध्ये चकत्या आणि आत टक्‌टक्‌ करणारी, एकाच दिशेने अडकणारी कुत्री हे सगळे एकाच गड्ड्यात असते आणि तो गड्डा हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. कॅसेट ज्यावर बसते त्या फ्रीहबमध्ये कुत्री हबला जोडलेल्या बॉडीत असतात आणि चकत्या त्या बॉडीच्या उभ्या खाचांवर सरकवून वरून लॉकरिंगने दाबलेल्या असतात. जपानमधल्या साकाईच्या शिमानो कारखान्याचा १९२१ मध्ये सुरुवात झाली तेव्हाचा पहिला माल फ्रीव्हील हाच होता, आणि पुढे १९७८च्या सुमारास त्याच कारखान्याने फ्रीहब रोड सायकलींवर आणून फ्रीव्हीलला हळूहळू बाजूला सारले. फ्रीव्हील असेल तर या लेखातले बरेचसे लागू होत नाही. तिथे फक्त आटे तपासावेत, कारण इंग्लिश आटे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असतात, तर जुने फ्रेंच आटे ३४.७ मि.मी. व्यासाचे आणि १ मि.मी. अंतराचे असतात. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकावर दुसरे जोर लावून चढवले की हबचे आटे कायमचे जातात.

फ्रीहब असल्याची खात्री झाली की खडखड नेमकी कुठून येते ते हाताने शोधावे. चाक काढून मांडीवर घ्यावे, लॉकरिंगवर एक बोट ठेवावे आणि दुसऱ्या हाताने सर्वांत मोठी चकती धरून आत-बाहेर हलवावी. लॉकरिंग आणि चकत्या मिळून एकत्र किंचित डुलत असतील तर ती हालचाल बॉडीच्या आतल्या छर्‍यांची आहे. जुन्या हबमध्ये ती थोडीफार असतेच आणि ती कॅसेटची तक्रार नव्हे. लॉकरिंग स्थिर राहून त्याच्याखाली चकत्या हलत असतील तर मात्र कॅसेट सैल आहे. माझ्या बाबतीत हे दुसरे होते, आणि गंमत म्हणजे लॉकरिंग पान्याने सुटायला चांगलाच जोर लागत होता. लॉकरिंग घट्ट आणि कॅसेट सैल, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पान्याचा जोर वाढवण्यात अर्थ नसतो. लॉकरिंगच्या कडेवर बहुधा ४० न्यूटन-मीटर असे कोरलेले असते. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर साधारण १६ किलो वजनाएवढा जोर लावला की ते भरते, आणि ते भरल्यानंतरही चकत्या हलत असतील तर लॉकरिंग चकतीवर नव्हे, बॉडीच्या काठावर टेकलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

तसे का होते? चकत्या आणि त्यांच्यामधले स्पेसर मिळून जी थप्पी होते ती बॉडीच्या लांबीपेक्षा किंचित उंच असावी लागते, म्हणजे लॉकरिंग आत फिरताना प्रथम सर्वांत लहान चकतीला भिडते आणि सगळी थप्पी बॉडीच्या आतल्या खांद्यावर दाबून धरते. थप्पी बॉडीएवढीच किंवा त्याहून कमी भरली तर लॉकरिंग काठाला भिडून थांबते. हे पाहण्यासाठी कोणतेही खास हत्यार लागत नाही. लॉकरिंग न लावता सगळ्या चकत्या बसवाव्यात, तळहाताने त्या खाली दाबून धराव्यात आणि अंगठ्याचे नख बॉडीच्या काठावरून चकतीकडे सरकवावे. नखाला चकतीची कड अडली, म्हणजे चकती काठापेक्षा वर आहे असे जाणवले, तर ठीक. नख सपाट घसरले किंवा उलट खाली उतरले तर थप्पी कमी पडते आहे. माझे नख सपाट घसरले.

आता बॉडीची लांबी. शिमानोच्या हायपरग्लाइड, म्हणजे लॉकरिंगच्या पद्धतीच्या, बॉडीच्या रोडसाठीच्या मुख्य लांब्या तीन आहेत. सात गिअरची बॉडी सर्वांत आखूड. आठ, नऊ आणि दहा गिअरची बॉडी एकच असून ती सात गिअरच्या बॉडीपेक्षा साधारण ४.५ मि.मी. लांब, आणि रोडची अकरा गिअरची बॉडी तिच्याहून १.८५ मि.मी. लांब. म्हणून सात गिअरची कॅसेट आठ-नऊ-दहाच्या बॉडीवर बसवताना मोठ्या चकतीच्या मागे, स्पोकांच्या बाजूला, ४.५ मि.मी. जाडीची कडी घालावी लागते. आठ, नऊ किंवा दहा गिअरची कॅसेट अकराच्या बॉडीवर बसवताना १.८५ मि.मी.ची कडी लागते. शिमानोच्या बहुतेक दहा गिअरच्या रोड कॅसेटींना आठ-नऊ-दहाच्या बॉडीवरसुद्धा मागे १ मि.मी.ची पातळ कडी लागते, आणि त्याच कॅसेटी अकराच्या बॉडीवर चढवताना दोन्ही कड्या एकावर एक घालाव्या लागतात. नवी कॅसेट घेतल्यावर ही पातळ कडी पिशवीतच राहून गेली, ही खडखडीची सर्वांत सामान्य गोष्ट आहे. दुसरी सामान्य गोष्ट रॉकेलच्या डब्याची. कॅसेट धुताना ती काळी कडी काळ्या तळाशी चिकटून बसते, रॉकेल ओतून दिले की तीही जाते, आणि सायकल जोडताना एक भाग कमी आहे हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

माझी कॅसेट सात चकत्यांची असल्यामुळे हबही मूळचे सात गिअरचे, म्हणजे आखूड बॉडीचेच आहे, असे मी गृहीत धरले होते. ते गृहीतच चुकीचे होते. एक्सलवरच्या, हबच्या दोन टोकांच्या लॉकनटांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजले तेव्हा ते १३० मि.मी. भरले, आणि त्या काळातल्या सात गिअरच्या रोड हबचे अंतर १२६ असायला हवे. ढोबळमानाने पाच गिअरच्या जुन्या रोड सायकलीत हे अंतर १२० मि.मी., सहा आणि सात गिअरच्या सायकलीत १२६, आणि आठ गिअरपासून पुढे १३० मि.मी. धरले जाते. म्हणजे माझ्या आधीच्या मालकाने कधीतरी जुनी बॉडी काढून तिच्या जागी लांब बॉडी बसवली होती आणि एक्सलवर वायसर वाढवून रुंदी १३० केली होती. चाक चिमट्यात, म्हणजे फ्रेमच्या मागच्या दोन पायांमध्ये, घालताना दर वेळी दोन्ही अंगठ्यांनी मागचे पाय थोडे फाकवावे लागत होते, त्याचेही कारण हेच. सायकल जुनी आहे, असे होतच असेल, असे म्हणून मी ते वर्षभर सोडून दिले होते.

मी सायकल घेतली तेव्हा मोठ्या चकतीच्या मागे एक जाड कडी होती, हे मला आठवत होते. पहिल्या धुण्यात ती हरवली तेव्हा तिची जाडी मी मोजलेली नव्हती. मग जुन्या आठ गिअरच्या कॅसेटमधला एक ३ मि.मी.चा स्पेसर आणि दहा गिअरच्या कॅसेटबरोबर आलेली १ मि.मी.ची कडी मी एकावर एक घातली, बसते आहे असे पाहिले आणि लॉकरिंग आवळले. एकूण ४ मि.मी.; हवे होते ४.५. उरलेला अर्धा मिलिमीटर त्या वेळी जाणवला नाही, कारण मोठ्या चकतीखाली, बॉडीच्या खांद्याजवळ, पावसाळ्यातला लाल चिखल वाळून बसला होता आणि सगळी थप्पी त्या चिखलावर टेकून पुरेशी उंच भासत होती. दोन-चार घाट चढले की तो चिखल दाबला जाऊन झडत होता आणि कॅसेट मोकळी होत होती. म्हणूनच दर वेळी दुरुस्ती झाल्यासारखी वाटली आणि दर वेळी ती काही आठवड्यांतच फसली. यातून एक पक्के शिकलो की कॅसेट बसवण्यापूर्वी बॉडीचा खांदा आणि खाचा ब्रशने घासून पुसाव्यात, आणि मगच नखाची परीक्षा घ्यावी.

४.५ मि.मी.ची तयार कडी विकत मिळते, पण मला ती लगेच हवी होती. म्हणून मी बॉडीच नमुना म्हणून दिली आणि भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर ॲल्युमिनियमची कडी कातून घेतली. तिला आतून खाचा असण्याची गरज नसते. ती खाचांवरून सहज सरकली आणि दोन्ही तोंडे एकमेकांना समांतर असली की झाले. समांतर असणे मात्र महत्त्वाचे, नाहीतर सगळ्या चकत्या तिरक्या बसतात आणि चाक फिरताना साखळी डोलताना दिसते. कडी नेहमी सर्वांत मोठ्या चकतीच्या मागेच घालावी. लहान चकतीच्या बाहेर किंवा मधल्याच दोन चकत्यांमध्ये जास्तीचा वायसर घालून खडखड थांबवण्याचा एक उपाय सांगितला जातो. खडखड थांबते खरी, पण दोन चकत्यांमधले अंतर बिघडल्यामुळे गिअर त्या जागी अडखळू लागतो, आणि मग माणूस साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरला दोष देत बसतो.

चकत्यांमधल्या अंतराचा प्रश्न वेगळा असला तरी तो याच दुरुस्तीच्या पोटात येतो, म्हणून त्याचे आकडे देतो. एका चकतीच्या मध्यापासून पुढच्या चकतीच्या मध्यापर्यंतचे अंतर शिमानोच्या सहा गिअरमध्ये ५.५ मि.मी., सातमध्ये ५.०, आठमध्ये ४.८, नऊमध्ये ४.३४ आणि दहामध्ये ३.९५ मि.मी. असते. हे अंतर म्हणजे एक चकती अधिक एक स्पेसर. सात गिअरमध्ये १.८५ अधिक ३.१५, आठ गिअरमध्ये १.८ अधिक ३.०. हे दोन्ही स्पेसर हातात घेतले तर त्यांतला ०.१५ मि.मी.चा फरक बोटांना कळत नाही, म्हणून दोन कॅसेटींचे भाग एकाच डब्यात ठेवू नयेत. सात गिअरच्या, दर गिअरला एक खटका देणाऱ्या शिफ्टरबरोबर आठ गिअरच्या अंतराच्या सात चकत्या लावल्या तर दर गिअरला ०.२ आणि सहा बदलांत मिळून १.२ मि.मी.ची तफावत जमा होते. मधल्या गिअरवर तार बरोबर लावली तर ती दोन्ही टोकांना प्रत्येकी ०.६ मि.मी. वाटली जाते आणि कसेबसे भागते. एका टोकाला लावली तर दुसऱ्या टोकाला साखळी शेजारच्या चकतीवर चढण्याचा प्रयत्न करत राहते. एका टोकाला गिअर स्वच्छ पडतात आणि दुसऱ्या टोकाकडे जाता जाता बिघडत जातात, असे दिसले तर तार ओढत बसू नये, अंतर मोजावे. ज्यांच्या सायकलीला दांड्यावरचे, खटके नसलेले जुने शिफ्टर आहेत त्यांना यातले काहीच बाधत नाही, आणि मला विचाराल तर जुन्या सायकलीवर तेच असावेत.

ज्यांची बॉडी खरोखरच सात गिअरची आखूड आहे आणि ज्यांना आठ गिअर हवे आहेत, त्यांच्यासाठी एक जुना आणि चांगला मार्ग आहे. नऊ गिअरच्या कॅसेटमधली एक चकती आणि एक स्पेसर कमी करून उरलेल्या आठ चकत्या त्या बॉडीवर बसवाव्यात. हिशेब असा: सात गिअरची थप्पी सहा वेळा ५.० अधिक १.८५, म्हणजे ३१.८५ मि.मी.; नऊच्या अंतराने आठ चकत्यांची थप्पी सात वेळा ४.३४ अधिक १.७८, म्हणजे ३२.१६ मि.मी. फरक ०.३१ मि.मी.चा, आणि तोही थप्पी उंच होण्याच्या बाजूने, म्हणजे आपल्या सोयीचा. यासाठी शिफ्टर आणि साखळी नऊ गिअरची घ्यावी लागते, पण हब उघडण्याची, एक्सल बदलण्याची किंवा चिमटा फाकवण्याची गरज पडत नाही.

यापेक्षाही जुनी, युनिग्लाइड पद्धतीची बॉडी असेल तर लॉकरिंग शोधण्यात वेळ घालवू नये, कारण त्या बॉडीला लॉकरिंग नसतेच. तिथे सर्वांत लहान चकतीच बॉडीच्या बाहेरच्या आट्यांवर फिरवून बसवलेली असते आणि बाकीच्यांना तीच दाबून धरते. या बॉडीच्या नऊही खाचा सारख्या रुंदीच्या असतात, तर हायपरग्लाइड चकतीच्या आतल्या, खाचांत बसणाऱ्या दातांपैकी एक दात इतरांपेक्षा रुंद असतो. तेवढा एक दात कानशीने घासून अरुंद केला की हायपरग्लाइड चकती युनिग्लाइड बॉडीवर बसते. काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. मात्र आट्यांची शेवटची लहान चकती जुन्या पद्धतीचीच लागते आणि ती आता सहज मिळत नाही, म्हणून जुनी झिजली तरी फेकून देऊ नये.

सुरुवातीच्या काही हायपरग्लाइड बॉडींची आणखी एक खोड आहे. त्यांच्या खाचांचे उंचवटे अगदी काठापर्यंत आलेले असतात, आणि ११ दात्यांची लहान चकती त्यामुळे पूर्ण खाली बसत नाही. ती अधांतरी राहते आणि लॉकरिंग आवळताना वाकडी होते. अशा बॉडीवर १२ किंवा १३ दात्यांपासून सुरू होणारी कॅसेट घ्यावी. लॉकरिंगही चकतीप्रमाणे बदलते: १२ आणि त्यापुढच्या चकतीसाठीचे लॉकरिंग ११ दात्यांच्या चकतीवर लावले तर त्याची कड साखळीला घासते. कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीच्या हबवर मात्र शिमानोची कॅसेट बसवण्याच्या फंदात पडू नये. दोन्हींच्या खाचांचा आकारच वेगळा आहे.

बॉडी बदलायची असेल तर एक्सल आणि छर्रे काढल्यावर आत पोकळ बोल्ट दिसतो, तो १० मि.मी.च्या ॲलन किल्लीने सुटतो. किल्ली लांब दांड्याची घ्यावी, कारण तीस-पस्तीस वर्षे न हललेला बोल्ट आखूड किल्लीला दाद देत नाही. शिमानोच्या बहुतेक जुन्या हबवर नवी बॉडी बसते. शिमानोचीच ड्युरा-एस ७४०० मालिका हा ठळक अपवाद आहे, तिची बॉडी इतर मालिकांशी अदलाबदल करता येत नाही. त्याच मालिकेचा मागचा डिरेलरही तार वेगळ्या प्रमाणात ओढून घेतो, म्हणून इतर शिमानो शिफ्टरबरोबर त्याचे खटके जुळत नाहीत. लांब बॉडी बसवल्यावर एक्सलवर उजव्या बाजूला तेवढेच वायसर वाढवावे लागतात, नाहीतर सर्वांत लहान चकतीवरची साखळी चिमट्याच्या आतल्या बाजूला घासते किंवा तिथे अडकून बसते. क्विक-रिलीजच्या एक्सलचे टोक दोन्ही बाजूंना लॉकनटाबाहेर साधारण साडेपाच मि.मी. असावे लागते, म्हणजे १२६च्या हबला १३७ मि.मी. आणि १३०च्या हबला १४१ मि.मी. लांबीचा एक्सल.

उजवीकडे ४ मि.मी. वाढले की दोन लॉकनटांचा मध्य २ मि.मी. उजवीकडे सरकतो, आणि रिम पूर्वीच्याच जागी राहिली तर ती डाव्या ब्रेकच्या रबराला चिकटलेली दिसते. उजव्या बाजूचे स्पोक थोडे आवळून आणि डावे तितकेच सैल करून रिम पुन्हा मध्यावर आणावी लागते. हे काम चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणाऱ्या चांगल्या कारागिराकडे द्यावे आणि त्याला नुसता आउट नव्हे, रिम मध्यावर हवी आहे, हे स्पष्ट सांगावे. मी ते न सांगितल्यामुळे माझे चाक अगदी सरळ, पण एका बाजूला सरकलेले असे परत आले. त्यात कारागिराची चूक नव्हती.

शेवटी चिमटा. १२६ मि.मी.च्या पोलादी चिमट्यात १३०चे हब हाताने फाकवून घालता येते आणि बरेच लोक वर्षानुवर्षे तसेच चालवतात. रोजच्या वापराच्या सायकलला मात्र चिमटा एकदाच कायमचा वाकवून घ्यावा, प्रत्येक बाजूला २ मि.मी. मापून. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या की नाही ते पाहण्याची सर्वांत सोपी रीत दोऱ्याची: दोरा एका मागच्या पायाच्या टोकाला बांधून पुढच्या हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या पायाच्या टोकाला ताणून बांधावा आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजावे. ते सारखे यायला हवे. ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग अजिबात करू नये.

कातलेली कडी घातल्यावर सगळ्या चकत्या अर्ध्या मिलिमीटरने बाहेर सरकल्या. एवढा फरकही खटक्यांच्या गिअरला पुरतो, म्हणून तारेचा ताण आणि डिरेलरचे दोन्ही टोकांचे स्क्रू पुन्हा लावावे लागले. खाचांना आणि लॉकरिंगच्या आट्यांना पातळ ग्रीस लावले, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात गंज धरून चकत्या अडकणार नाहीत. कडीच्या तोंडावर खिळ्याने ४.५ असे कोरून ठेवले आहे, आणि कॅसेट काढली की कडी आता रॉकेलच्या डब्यात न जाता थेट एक्सलच्या क्विक-रिलीजमध्ये ओवली जाते.